पाकाचा अंदाज



संक्रांत तीन आठवड्यांवर आली. घरोघर तीळ निवडायला बसायची वेळ झाली. आज आम्ही तिळगुळाच्या लाडवांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, तिळगूळ काय आम्हाला येत नाही? येतो. आम्हालाही येत होता. म्हणजे आमची तशी समजूत होती.

आमचा दहाजणींचा बचत गट आहे. महिन्याला शंभर रुपये बचत, दहा तारखेला बैठक, कुणाच्या मुलाची फी, कुणाच्या शेळीचं कर्ज, असं आमचं चालतं. मागे एकदा बैठकीत विषय निघाला की कर्ज काढून ओव्हन घ्यावा आणि सणासुदीला नानकटाई, बिस्किटं करून विकावीत. तालुक्याच्या गावात नाताळला केक-बिस्किटांची दुकानं कशी भरतात ते आमच्यातल्या दोघींनी पाहिलं होतं. चर्चा खूप झाली. वीज कधी जाईल सांगता येत नाही, बिल कोण भरणार, आणि वर्षाचे अकरा महिने ओव्हनवर काय कपडे वाळत घालायचे? शेवटी थोरल्या काकू म्हणाल्या, "भट्टी कशाला? संक्रांतीच्या लाडवाला शेगडी आणि कढई पुरते." झालं. ओव्हन राहिला बाजूला आणि लाडू ठरले.

काकू आमच्या गटात वयानं सगळ्यांत मोठ्या. पासष्टीच्या पुढं. सही करतात, वाचता येत नाही. पण गावात कुणाच्या घरी लाडू असोत, चिक्की असो, पाकापाशी काकूंनाच बोलावतात. कढईतला फेस बघूनच त्या सांगतात, "आता उतरव." का उतरवायचा, ते सांगत नाहीत. अंदाज.

पहिलं वर्ष २०२२. त्या संक्रांतीला आम्ही ३० किलो लाडू केले आणि २२० रुपये किलोनं विकले. सगळे खपले. आम्ही खूश. साहित्य, गॅस आणि डबे मिळून किलोला १८५ रुपये पडले होते, म्हणजे किलोमागं ३५ रुपये सुटले. एकूण १,०५० रुपये. बैठकीत टाळ्या वाजल्या. मग आमच्यातली एक, जी रोजानं खुरपायला जाते, ती सहज म्हणाली, "आपण बसलो किती तास?" तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं. आठवून आठवून बेरीज केली. तीळ निवडणं, पाखडणं, भाजणं, दाणे सोलणं, कूट, पाक, वळणं, डबे भरणं, सगळ्या जणींचे मिळून ११० तास झाले. तासाला साडेनऊ रुपये. खुरपायला गेलो असतो तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. बैठकीत एकदम शांतता. आमच्या हातांची किंमत आम्हीच धरली नव्हती. गिऱ्हाईक ती कशाला धरेल?

पण खरं शिकलो ते २०२४ साली, आणि ते महागात पडलं.

त्या वर्षी शहरातल्या एका दुकानदारानं ४० किलोची मागणी दिली. गटाच्या बचतीतून पैसे उचलून माल भरला. संक्रांत त्या साली १५ जानेवारीला होती. एक दिवस जास्त मिळाला म्हणून आम्ही निवांत. पहिले दोन दिवस काकू पाकावर होत्या. २६ किलो लाडू झाले, एक नंबर. तोंडात टाकला की कुडुम आवाज. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे काकूंच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला. काकू पहिल्या एसटीनं गेल्या. जाणारच. लेकीचं बाळंतपण सोडून लाडवाचा पाक कोण बघत बसेल?

त्याच दिवशी चिक्कीचा गूळही संपला. सहा किलो कमी पडत होता. दुसऱ्या दुकानात साधा गूळ किलोला बारा रुपयांनी स्वस्त मिळाला, तो आणला. गूळ तो गूळ, असं वाटलं. ७२ रुपये वाचले, तेही वहीत लिहिलं. शिवाय उरलेलं काम एका दिवसात उरकायचं म्हणून अर्ध्या किलोऐवजी दीड-दीड किलो तिळाचा घाणा घातला.

मैत्रिणींनो, लाडू वळताना नीट वळले. सांगायची गोष्ट ती आहे. दिसायला अगदी गोल, गुळगुळीत. डबे भरले, झाकणं लावली, झोपलो. सकाळी झाकण उघडलं तर लाडवांना घाम फुटलेला. एकाला एक चिकटलेले. डबा उपडा केला तर सगळा मिळून एकच मोठा लाडू खाली पडला. एकीला हसू आलं, आणि मग तीच रडायला लागली, कारण मुलीच्या परीक्षा फीसाठी तिचा कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत होता आणि गटाचे पैसे या डब्यांत अडकले होते.

१४ किलो गेले. नुसत्या साहित्याचेच अडीच हजार. दुकानदाराला २६ किलो दिले. तो फार काही बोलला नाही, पण पुढच्या वर्षी त्याचा फोन आला नाही.

त्या महिन्याची बैठक आम्ही विसरणार नाही. एक म्हणाली, गूळ आणणारीनं भरून द्यावं. दुसरी म्हणाली, घाणा मोठा घालायला कुणी सांगितलं? आणि मग कुणीतरी म्हणालं, काकूंनी निदान सांगून तरी जायचं पाक कसा बघायचा. काकू समोरच बसल्या होत्या. नातवाला बघून परत आलेल्या, पिशवीत सगळ्यांसाठी पेढे. त्यांनी पेढ्यांची पुडी काढलीच नाही.

चूक एकीची नव्हती, हे शांत डोक्यानं बसल्यावर कळलं. नुकसान दहा जणींत वाटून घेतलं. मुलीच्या फीचं कर्ज आधी दिलं, बाकीचे अर्ज महिनाभर थांबले. चिकटलेले लाडू घरोघर वाटून घेतले आणि कुटून गुळपोळीचं सारण केलं. दोन महिने आमच्या घरातली पोरं गुळपोळीला वैतागली होती.

मग आम्ही काकूंच्या घरी गेलो आणि विचारलं की तुमचा पाक आम्हाला लिहून घेऊ द्या. काकूंचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "माझ्या हाताला काटा लावता काय?" आम्हाला आधी वाटलं, त्यांना राग आला. पण राग नव्हता. जाताना दारात हळूच म्हणाल्या, "एकदा वहीत लिहिलं की मग म्हातारीला कोण बोलवतंय."

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. ज्या बाईला गावात एका गोष्टीसाठी मान आहे, तिच्याकडून तीच गोष्ट मागायला आम्ही हात हलवत गेलो होतो. पुढच्या बैठकीत ठराव केला. कामाच्या प्रत्येक तासाला ४० रुपये मजुरी धरायची, आणि पाकावर जी उभी राहील तिला तासाला ६० रुपये. आणि नवीन बाईला पाक शिकवायचा तास हाही पाकाचाच तास. काकूंनी ठरावावर सही केली. मग म्हणाल्या, "आणा तुमचा काटा."

तीन दिवस आम्ही वजनकाटा, घड्याळ आणि वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. काकूंची नात लिहायला. काकू म्हणायच्या, "तीळ आणि गूळ बरोबरीनं." त्यांनी हातानं घेतलेला गूळ आम्ही मोजायचो. अर्धा किलो तिळाला एकदा ४८०, एकदा ४९५, एकदा ४७५ ग्रॅम. एवढाच फरक! आमच्या हाताला हे जमलं नसतं. घड्याळाचा मात्र उपयोग झाला नाही. कधी सहा मिनिटांत पाक व्हायचा, कधी नऊ. कढई जाड की पातळ, आच किती, गूळ ओलसर आहे का, त्यावर ते. म्हणून वेळ लिहिली नाही, खूण लिहिली.

आता ऐका, वही-पेन असेल तर घ्या.

अर्धा किलो तीळ, साफ केलेले. मंद आचेवर, थोडे थोडे भाजायचे. तीळ फुगतात, तडतडायला लागतात आणि रंग जरासा बदलतो, तिथंच उतरवायचे. लाल होईपर्यंत भाजले की कडू होतात आणि कितीही गूळ घाला, ते कडूपण जात नाही. चिमूटभर बोटांत चुरडून बघा, लगेच भुगा झाला आणि खमंग वास आला की झालं. परातीत पसरून गार करा. कढईत राहिले तर कढईच्या उष्णतेनं भाजत राहतात.

१२५ ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे, जाडसर कुटलेले. ५० ग्रॅम फुटाण्याची डाळ. वेलची पूड एक लहान चमचा, आवडत असेल तर जायफळ. हे सगळं तिळात आधीच मिसळून शेगडीशेजारी ठेवायचं. पाक झाल्यावर वेलची शोधायला वेळ नसतो.

गूळ ४८० ग्रॅम, चिक्कीचा. बारीक चिरलेला. आणताना खडा फोडून बघा, चिवट ओढ लागते आणि तुकडा कडक तुटतो. साध्या गुळाचा लाडू कडक होत नाही, झाला तरी हवेतला ओलावा ओढून मऊ पडतो. गुळपोळीला मात्र साधाच चांगला.

जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, त्यात गूळ, आणि दोनच चमचे पाणी. मध्यम आच. गूळ विरघळतो, मग मोठे मोठे बुडबुडे येतात, मग फेस बारीक होतो आणि रंग गडद होतो. आता शेजारी वाटीत गार पाणी ठेवा आणि पाकाचा थेंब त्यात टाका. थेंब पाण्यात पसरला, तर पाक कच्चा. बोटांनी मऊ गोळी झाली, तर तो वडीचा पाक. गोळी कडक झाली, ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजली आणि दातानं कुडकन तुटली, दाताला चिकटली नाही, की तो लाडवाचा पाक. गॅस बंद. थेंब तपासताना आच मंद करा, नाहीतर तुम्ही वाटीत बोटं घालून बसाल आणि पाक पुढं निघून जाईल. करपलेल्या पाकाला इलाज नाही.

तिळाचं मिश्रण एकदम घालून भराभर हलवा आणि परातीला तुपाचा हात लावून त्यात काढा. हाताला पाणी किंवा तूप लावून गरम असतानाच वळायचं. म्हणून घाणा अर्धा किलो तिळाचाच, आणि परातीभोवती चौघी. दीड किलोचा घाणा घातला की वळून संपायच्या आत मिश्रण गार होऊन दगड होतं, म्हणून आपण नकळत पाक लवकर उतरवतो. त्या दिवशी आम्ही नेमकं तेच केलं होतं. वळताना मिश्रण घट्ट झालंच तर कढई मंद आचेवर मिनिटभर धरा, परत सैल होतं. लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत.

घरात दात नसलेली माणसं असतील तर त्यांच्यासाठी वड्या करा. निम्मे तीळ कुटून घ्या, पाक मऊ गोळीचा ठेवा, तूप लावलेल्या ताटात थापून वरून खोबऱ्याचा कीस, आणि गरम असतानाच सुरीनं रेघा पाडून ठेवा. काकू स्वतः वडीच खातात. लाडू त्यांना चावत नाही. एवढी वर्षं कडक लाडवाचा पाक त्या फक्त आवाजावरून ओळखत आल्यात, हेही आम्हाला त्या तीन दिवसांतच कळलं.

आणि एक गोष्ट नीट ऐका. पाणी शंभर अंशाला उकळतं, पण हा कडक पाक दीडशे अंशांच्या आसपास असतो, आणि तो कातडीला चिकटून बसतो. पाकावर उभं राहताना हातातल्या बांगड्या मागं सारा, अंगठी काढा, पदर खोचा, लहान पोरांना खोलीबाहेर काढा. चटका बसलाच तर हात लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली धरा आणि वीस मिनिटं धरून ठेवा. हळद नको, टूथपेस्ट नको, बर्फही नको. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जा. सण आहे म्हणून थांबू नका.

मध्यंतरी एक गंमत झाली. आमच्यातल्या एकीची भाची अमेरिकेत असते. तिनं फोनवर सांगितलं की तिथंही सणाला ओव्हन न लावता करायची बिस्किटं असतात, जुन्या पिढीतल्या बायका करायच्या तशी. साखर, दूध, लोणी आणि कोको पातेल्यात घालून खळखळून उकळायचं, उकळी आल्यावर एक मिनिट मोजायचं, मग त्यात शेंगदाण्याचं लोणी आणि ओट्स घालायचे आणि चमच्यानं कागदावर गोळे सोडायचे. मिनिटाच्या आत उतरवलं तर बसत नाहीत, जास्त उकळलं तर कोरडी होऊन भुगा होतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिथंही पाकच नाचवतो म्हणा की."

आता दराचं. गेल्या संक्रांतीला, म्हणजे २०२५ ला, आम्ही पहिल्यांदा सगळं धरून दर काढला. साहित्य, गॅस, डबा मिळून किलोला २१५ रुपये. कामाची वाटणी नीट केल्यामुळं किलोला साडेतीन-पावणेचार तास लागायचे ते अडीचवर आले, त्याची मजुरी पाकासकट १०६ रुपये. तुटफुटीचे १५. झाले ३३६. विक्री ३८० नं. डब्यावर नाव, वजन, साहित्य, केल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापला. शेंगदाणे आणि तीळ आहेत हेही ठळक लिहिलं, कारण काहींना ते सोसत नाहीत.

लोक बोलले. "तिळाच्या लाडवाला ३८० रुपये? घरच्याच बायका ना तुम्ही?" असं आमच्याच गावातल्या एकानं तोंडावर विचारलं. घरच्याच बायका म्हणजे फुकटच्या बायका, असा त्याचा हिशेब. आम्ही ३० किलो करायचं ठरवलं होतं, खपले २२ किलो. तेवढेच केले. पण त्या २२ किलोंची २,३३२ रुपये मजुरी बायकांच्या हातात पडली आणि ९६८ रुपये गटाच्या खात्यात गेले. पहिल्या वर्षी ३० किलो करून हजार सुटले होते. काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटली. आमच्यात अजूनही दोघींचं म्हणणं आहे की दर ३५० हवा होता. यंदा तीळ काय भावानं मिळतात ते बघून ठरवू.

यंदा पाकावर काकू नाहीत. म्हणजे आहेत, पण खुर्चीवर. उलथनं त्यांच्या सुनेच्या हातात असणार आणि काकू शेजारी बसून आवाज ऐकणार. दोघींचाही तास साठ रुपयांनी लागेल. गेल्या आठवड्यात एक घाणा करून बघितला. सुनेनं थेंब पाण्यात टाकला, ताटलीवर वाजवला आणि आमच्याकडं बघितलं. आम्ही काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? वाजलं ना?"

येत्या मंगळवारी दुपारी दोन वाजता मारुतीच्या देवळामागच्या सभामंडपात आम्ही तीन घाणे करून दाखवणार आहोत. एक कच्च्या पाकाचा, एक नेमका आणि एक पुढं गेलेला, म्हणजे तिन्हींतला फरक हातात घेऊन बघता येईल. दुसऱ्या गटातल्या बायकांनीही या. येताना एक स्टीलची वाटी आणि सुती फडकं आणा. लहान पोरांना मात्र घरी ठेवून या.